दोन किलोंचं खोटं

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. मला पारडी नाहीत. जमिनीलगत बसवलेली पोलादी पाटी आणि वर लाल आकडे, एवढाच माझा देह. एका मोठ्या शहराच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर परदेशी जाणाऱ्यांच्या बॅगा मी तोलतो. विमानतळाचं नाव सांगत नाही. चूक माझी आहे, त्याची नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला तपासून शिक्का मारला होता. त्या शिक्क्याचा मला अभिमान होता. लोणच्याच्या बरण्या, पुस्तकं, एकदा तर तबल्याची जोडी, सगळं मी खरं तोललं. निदान मला तसं वाटतं.

मग एका सकाळी कुणीतरी लोखंडी पेटी माझ्यावर धाडकन आपटली. माझ्या पोटात काहीतरी सरकलं. रिकामा असताना मी शून्यच दाखवायचो, म्हणून कुणाला कळलं नाही. ओझं आलं की मात्र मी जास्त बोलू लागलो.

दुपारी साहेबराव आणि केसरबाई आले. इंदापूर तालुक्यातली, भिगवणजवळची माणसं. जर्मनीत त्यांची मुलगी करुणा बाळंत झाली होती, तिच्याकडे निघाली होती. साहेबरावांनी बॅग ठेवली. मी आकडा दाखवला, पंचवीस.

"दोन किलो जास्त आहे, काका," काउंटरवरची सुप्रिया म्हणाली. "तेवीसच चालतात."

"पंचवीस? सकाळी आमच्या दूध केंद्राच्या काट्यावर मी सोताच ठिवली हुती. बरोबर तेवीस! ताई, तुमचा काटा जड बोलतोय."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आबा, ह्यो इमानतळ हाय, उसाचा वजनकाटा न्हाय!" सगळे हसले.

"शेजारच्या काट्यावर ठिवा की एकदा," साहेबराव म्हणाले.

सुप्रियाने लांबलेल्या रांगेकडे पाहिलं. "काका, सगळे काटे सारखेच असतात. मशीन कशाला खोटं बोलेल?"

ती वाईट मुलगी नव्हती. तिचा माझ्यावर विश्वास होता.

केसरबाई नवऱ्यावर उखडल्या. "तीस वर्सं गावाचं दूध मोजलं, अन् घरची एक बॅग मोजता येईना व्हय तुमाला?"

साहेबराव माझ्या आकड्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. मी पंचवीसच दाखवत होतो.

"माझीच नजर चुकली असंल," ते हळू म्हणाले. "वय झालं आता."

त्यांनी बॅग उघडली. केसरबाई लाडवांच्या डब्याकडे हात नेत होत्या. साहेबरावांनी तो अडवला. "ते लेकीचं हाय. चूक माझी, माझीच वस्तू काढतो." आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली दगडी सहाण त्यांनी बाहेर काढली. त्यांच्या आईची सहाण. करुणाची बाळगुटी तिच्यावरच उगाळलेली होती.

"आवो, हातातल्या पिशवीत घ्या की."

"दगड वर सुरक्षा तपासणीत काढून घेतील, मावशी," सुप्रिया म्हणाली.

ती सहाण त्यांनी भिंतीकडेला ठेवली. बॅग पुन्हा माझ्यावर आली. आकडा तेवीसच्या आत.

"बघा काका, आता कसं बरोबर आलं!"

साहेबरावांनी मान हलवली. ते हसलेही. ते हसणं मला आजही पेलत नाही.

संध्याकाळी ठरलेली तपासणी होती. माणसं वजनाचे ठोकळे घेऊन आली. वीस किलोंना मी पावणेदोन किलो जास्त दाखवले. त्यांनी मला उघडलं, दुरुस्त केलं, नवा शिक्का मारला. तोवर विमान गेलं होतं. सफाईवाल्या बाईंनी सहाण चार दिवस जपली, मग ती कुठे गेली मला ठाऊक नाही.

दगडाचं दुःख आहेच. त्याहून मोठं हे, की तीस वर्षं खरं मोजणाऱ्या माणसाला मी स्वतःवर संशय घ्यायला लावलं. केंद्रावर आता दूध मोजताना ते आकडा दोनदा बघत असतील का?

मित्रांनो, आमच्यावर ओझी आपटू नका. आम्हाला वेळेवर तपासा. आणि एखादं जाणतं माणूस म्हणालं, काटा चुकतोय, तर हसण्याआधी शेजारच्या काट्यावर ठेवून बघा. फार वेळ लागत नाही. माझं एक काम कराल? कधी भिगवणकडे गेलात आणि दूध केंद्रावर साहेबराव भेटले, तर त्यांना एवढंच सांगा: बॅग तेवीसचीच होती.