वेलिका मावशीची इंग्रजी वही

मंगळवारी संध्याकाळी मी बल्गेरियातल्या आमच्या गावच्या वाचनालयात इंग्रजी शिकवते. वर्गात पाच-सहा जण असतात, बहुतेक परदेशी कामाला जायच्या तयारीत असलेले. वेलिका मावशी आली तेव्हा चौसष्ट वर्षांची होती. सगळा जन्म बालवाडीत स्वयंपाक करण्यात गेलेला. तिला कुठंही जायचं नव्हतं. शेजारचं घर गॉर्डन नावाच्या एका विधुर इंग्रजानं घेतलं होतं आणि त्याला बल्गेरियनमधले दोनच शब्द येत होते. कुंपणावरून त्याच्याशी नुसतं हसून हसून गाल दुखतात, असं तिचं म्हणणं होतं.

पहिल्या दिवशी मी विमानतळ, सामान, स्वागतकक्ष असे वीस शब्द पाठ करायला दिले. पुढच्या मंगळवारी ती पाटी कोरी ठेवून आली. यातला एकही शब्द कुंपणाशी उपयोगी पडत नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं. मग तिनं स्वतःच एक वही केली. पानाच्या डाव्या बाजूला गॉर्डन काय बोलला ते ऐकू येईल तसं आपल्या लिपीत, आणि उजव्या बाजूला त्या वेळी काय चाललं होतं ते. दर मंगळवारी ती मला डावी बाजू वाचून दाखवायची, मी अर्थ सांगायची आणि ती उजव्या बाजूकडे बघून मान हलवायची. माझा अर्थ तिला पटायचा नाही.

वादळात गॉर्डनची अर्धी कौलं उडाली, तेव्हा तो म्हणाला होता, "थोडी कटकट झाली." नळ फुटून स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी साचलं, तेव्हा "थोडी ओल आलीय." मावशीनं चीज घालून केलेली बानित्सा दिली तर "वाईट नाही" म्हणाला आणि उभ्या उभ्या चार तुकडे संपवले.

एकदा तिनं मला विचारलं, "स्नेझा, खरं सांग, हा माणूस खोटारडा आहे का गं?"

मी सांगितलं की त्यांच्यात बोलायची रीतच तशी असते, मोठी गोष्ट बारीक करून सांगायची. हे मला माहीत होतं, पण वीस वर्षांत शिकवायचं कधी सुचलं नव्हतं. उलट, मुसळधार पावसाला इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतात असं म्हणतात, हे मी तिला मोठ्या हौसेनं शिकवलं होतं. तिनं ते गॉर्डनला ऐकवल्यावर तो डोळे पुसेस्तोवर हसला. हा वाक्प्रचार त्यानं शेवटचा आजीच्या तोंडून ऐकला होता म्हणे. मावशीनं ते मला येऊन सांगितलं, तेव्हा दिमो काका, म्हणजे तिचे यजमान, शेजारी उभे होते. "बाईसाहेब," ते मला म्हणाले, "तुमच्या इंग्रजीला पेन्शन लागू झाली की काय?"

एप्रिलमध्ये एका सकाळी मावशीचा फोन आला. गॉर्डन पायरीवर बसला होता, चेहरा मेणासारखा, आणि काय झालं विचारल्यावर आपण थोडे हवामानाच्या खाली आहोत असं काहीतरी म्हणाला. हवामानाच्या खाली म्हणजे काय? मी म्हटलं, बरं वाटत नाही, किरकोळ सर्दीपडसं असेल.

"तो 'थोडं' म्हणालाय, पोरी," ती म्हणाली. "तू चप्पल घाल. दिमोनं गाडी काढलीय."

शहरातल्या इस्पितळात तरुण डॉक्टर होता, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. त्यानं गॉर्डनला विचारलं, दहापैकी किती दुखतंय? गॉर्डन पोट धरून म्हणाला, दोन, फार तर तीन. डॉक्टरनं गोळ्या लिहायला घेतल्या. मावशीनं मला कोपरानं ढोसलं, पण मी काय बोलणार? डॉक्टरनं बरोबर ऐकलं होतं. तेव्हा तिनं पिशवीतून वही काढली आणि सरळ टेबलावर ठेवली.

"डॉक्टरसाहेब, हे आधी वाचा. हा दोन म्हणतो ना, तो कौलं उडाल्यावरही दोनच म्हणाला असता."

डॉक्टर वाचू लागला. पहिल्या पानावर तो हसला, दुसऱ्या पानावर हसायचा थांबला. उठून त्यानं गॉर्डनचं पोट दाबलं आणि हात सोडताच गॉर्डनच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याला कुठल्याच भाषेत भाषांतर लागत नव्हतं. दुपारच्या आत अपेंडिक्स काढलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर ते पोटात फुटलं असतं, असं डॉक्टर नंतर बाहेर येऊन मावशीला म्हणाला. मला नाही, मावशीला.

चौथ्या दिवशी गॉर्डननं वही बघायला मागितली. मी एकेक पान वाचून इंग्रजीत सांगत होते, तो हसायचा आणि टाके धरायचा. एका पानावर डावीकडे होतं, "तिची थोडी आठवण येते." उजवीकडे मावशीनं लिहिलं होतं, "टेबलावर दोन कप मांडले होते. मी आले म्हणून नव्हे, मी यायच्या आधीपासून होते."

ते सांगून झाल्यावर गॉर्डननं वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग तो बायकोबद्दल बोलायला लागला. तिचं नाव मॉरीन. इथलं घर तिनंच फोटोत पाहून पसंत केलं होतं आणि ते घ्यायच्या तीन महिने आधी ती गेली. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर मावशीनं माझ्या हातावर हात ठेवला. तिला निम्मं कळलं असेल. तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि तो थांबेपर्यंत ऐकत बसली.

आता गॉर्डनही मंगळवारी येतो, बल्गेरियन शिकायला. त्यासाठी माझ्याकडे पुस्तक नाही, म्हणून मी त्याला मावशीच्या अंगणात पाठवते. परवा तिथं मिरच्या भाजायचं काम चाललं होतं. दिमो काका धुरात खोकत विस्तवाला शिव्या घालत होते आणि गॉर्डन नवी वही मांडीवर घेऊन मावशीला एकेक शिवी पुन्हा सांगायला लावत होता. ती लाजत होती, पण सांगत होती.