वळणात पाय उचलायचा नाही

वळण दिसलं तशी तिने दाराची मूठ घट्ट धरली. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला उभा कडा, आणि मध्ये दोन सीटची ही बुटकी लाल गाडी, रस्त्याला पोट लागेल इतकी खाली. बाबांनी वळणाच्या आधीच ब्रेक दाबून वेग मोडला, गिअर उतरवला आणि मग अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जराही न हलवता गाडी अलगद वळवून घेतली.

"बघितलंस? वेग काय तो आधी कमी करायचा. एकदा वळणात शिरलो की पाय उचलायचा नाही. हिचं इंजिन मागे. मध्येच पाय उचललास की हिचं बूड पुढे यायला बघतं."

"बाबा, समोर बघा."

"समोरच बघतोय. तोंडाने बोलतोय, डोळ्यांनी नाही."

त्यांचं उभं आयुष्य बस चालवण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर वर्षभरात आई गेली आणि बाबांनी अंथरूण धरलं. ना जेवणाची शुद्ध, ना दाढीची. मग एक दिवस कुठल्याशा शेडमागे, कोंबड्यांनी घर केलेली ही गाडी त्यांना दिसली. भंगाराच्या भावात ती घरी आली आणि बाबा उठून बसले. गाडी उभी राहीपर्यंत तेही पुन्हा उभे राहिले. दर सुट्टीला लेकीला शेजारी बसवायचं, मान वळवून मागे बघायचं आणि बसमध्ये विचारायचे तसं विचारायचं, "बसलात का सगळे?" मागे सीटच नव्हती. दर वेळी दोघं हसायची.

ती इस्पितळात एक्स-रे काढायची. जुन्या गाड्यांच्या स्टीअरिंगचा दांडा अखंड लोखंडी असतो. धडक बसली तर तो दुमडत नाही, चालवणाऱ्याच्या छातीवर येतो. तशा छातीची फिल्म तिने उजेडासमोर धरून पाहिली होती. या गाडीला मूळचे पट्टे नुसते कमरेचे. खांद्यावरून येणारे पट्टे बसवून घ्या म्हणून तिने वर्षभर भुणभुण लावली, तेव्हा कुठे त्याच सकाळी बाबांनी गाडीची डागडुजी करणाऱ्या वेल्डरकाकांकडून एक बसवून घेतला. तोही तिच्या बाजूला.

"आणि तुमचा?"

"आधी प्रवासी, मग ड्रायव्हर. नियम आहे बसचा."

"असा नियम नाहीये."

"माझ्या बसला होता. आणि माझ्या बाजूचा पत्रा गंजलाय. सडक्या पत्र्यात पट्टा ठोकून काय उपयोग? वेल्डर म्हणाला, उद्या ये, खालून जाड पट्टी जोडून देतो."

घराशी गाडी थांबवून त्यांनी इंजिन बंद केलं आणि नेहमीप्रमाणे तिच्याकडे वळले. "खरं सांग चिमणे, भीती वाटली?"

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. पहिल्याच फेरीनंतर त्यांनी सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी तू हो म्हणशील, त्या दिवशी किल्ली वेल्डरच्या हातात, गाडी चालवणं बंद. शेजारचा माणूस भ्यायला, तर चालवणाऱ्याचं काहीतरी चुकतंय."

तिचे तळहात ओले होते. बाबांच्या गालावर गुळगुळीत दाढी होती, शर्टाला इस्त्री होती.

"छे! मला कसली भीती?"

"शाब्बास. माझीच पोरगी," म्हणत ते शीळ घालत उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पट्टा बसवून घ्यायला एकटेच निघाले. त्याच वळणात, ऐन पोटात, एक बाई सायकलची उतरलेली साखळी चढवत वाकून बसली होती.

दिवसकार्य उरकल्यावर ती बाई घरी आली. पाण्याच्या पेल्याला तिने हात लावला नाही. "वेगात नव्हते हो ते. मी वर बघितलं, तर गाडीचं तोंड माझ्यावरच. त्यांनी मला बघितलं. मग एकदम गाडीची मागची बाजू गर्रकन फिरली, आणि गाडी माझ्या अंगावर यायची ती कड्यावर आदळली."

पुढे बरेच दिवस लेक वेल्डरकाकांच्या शेडकडे फिरकली नाही. गेली, तेव्हा दोन गिऱ्हाइकं चेपलेल्या लाल गाडीभोवती उभी होती.

"एवढा मुरलेला ड्रायव्हर, आणि वळणात पाय उचलला?"

"त्याला ठाऊक होतं, पाय उचलला की काय होतं ते," काका म्हणाले. "तुम्ही तुमचं काम सांगा." मग ती दिसताच त्यांनी हातातली पकड खाली ठेवली. "ये बाळ. गाडी घेऊन जाणारे येतायत संध्याकाळी. तुझ्या बाजूचं दार उघडतं. पत्र्याला धार आलीय, जपून."

गिऱ्हाइकांना घेऊन काका बाहेर गेले. ती आत बसली. तिच्या बाजूची काच तेवढी शाबूत होती. पलीकडे स्टीअरिंगचा दांडा बाबांच्या सीटला जवळजवळ टेकला होता. त्या सीटवर कमरेचा पट्टा पडला होता, मधोमध कापलेला.

तिने आपला पट्टा ओढला. खांद्यावरून, छातीवरून घेऊन बकलमध्ये बसवला. खट्ट आवाज झाला. तिने हिसका देऊन पाहिला. तो जागचा हलला नाही.

मग सवयीने दाराची मूठ धरून ती उजवीकडे वळली.

"हो, बाबा," ती म्हणाली. "वाटली. दर वेळी वाटायची."