झील न धरलेली ओळ

विद्यापीठात गळ्याचं शिक्षण घेते असं सांगितलं की आमच्याकडची माणसं आधी माझ्या गळ्याकडे बघतात, मग विचारतात, म्हणजे कान-नाक-घशाची डॉक्टर होणार का. समजावून सांगणं मी सोडून दिलंय. पुण्याकडच्या एका विद्यापीठात मी पाश्चात्त्य गायन शिकते. दोन वर्षं कॉयरमध्ये, म्हणजे समूहात, घोळक्याच्या मधोमध उभी राहून गायले. यंदा विभागाच्या ऑपेरात एकटीने गायची भूमिका मिळेल असं दिसत होतं. माझ्या आणि त्या भूमिकेच्या मध्ये फक्त आठ मात्रा होत्या.

त्या आठ मात्रांत काहीही गायचं नाही. ऑपेरातली बाई समुद्रावर गेलेल्या नवऱ्याला किनाऱ्यावरून हाक मारते. 'रिस्पोंदी' म्हणते, म्हणजे इटालियनमध्ये 'उत्तर दे'. मग ती थांबते, पियानोही थांबतो. उत्तर येत नाही. आठ मात्रांनंतर ती पुढे गाते, आणि ते गाणं दुसऱ्याच बाईचं वाटलं पाहिजे. मी मात्र पाचव्या नाहीतर सहाव्या मात्रेलाच गात सुटायची. थांबायचं ठरवून, बोटांवर मोजून, जीभ दाताखाली धरूनही सुटायची.

गाणं शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, तृप्ती, तुला सूर आहे, दम आहे, गप्प राहता येत नाही. कॉयरमध्ये हे कधी उघडं पडलं नाही, कारण तिथे सगळे एकाच वेळी श्वास घेत नाहीत, कोणी ना कोणी गातच असतं. दिवाळीच्या सुटीला निघताना त्यांनी शेवटचं सांगितलं. गाणं रेकॉर्ड करून पाठव. खोलीचं दार लावून नाही, समोर माणसं हवीत. माईक नको, तुकडे जोडून केलेलं नको. त्या आठ मात्रा नीट आल्या तर भूमिका तुझी, नाहीतर पुन्हा कॉयर.

मला ती भूमिका हवी होती. घरी आल्यावर चकल्या गोड की तिखट तेही कळेना, इतकी हवी होती.

माणसांची सोय बाबांनी चुटकीसरशी केली. आमचं गाव सिहोऱ्याच्या अलीकडे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात आणि दुपारी दंडार होते, म्हणजे नाच, गाणं आणि सोंगं. दंडारीत पुढे गातात ते हिरालालकाका. बाबांनी त्यांना सांगून दंडारीच्या आधी मला स्टेज मिळवून दिलं. माझा मोठा भाऊ कुलदीप याचं तुमसरला मोबाईलचं दुकान आहे, तेव्हा रेकॉर्डिंग आणि पियानोची आधीच भरून आणलेली साथ लावणं त्याच्याकडे. सगळं जागच्या जागी बसलं होतं. अडचण होती ती बाबांचीच.

माझे बाबा बाबूलाल हे झीलकरी. दंडारीत मुख्य गाणारा पुढे उभा राहतो आणि त्याच्या पाठीमागे झीलकरी. गाणाऱ्याची ओळ संपली, त्याने श्वास घेतला, की शेवटचे शब्द उचलायचे आणि तो पुन्हा सुरू करेपर्यंत लांबवायचे. याला झील धरणं म्हणतात. मध्ये रिकामं राहता कामा नये. बाबांनी मिसरूड फुटल्यापासून हेच केलंय. धान कापतानाही ते असंच करतात, आणि कोणी नुसती मोठ्याने जांभई दिली तरी त्यांचा घसा खाकरायला लागतो.

पहिल्या दिवशी सकाळी मी अंगणात गायले. 'रिस्पोंदी' म्हणून थांबले, तोच गोठ्यातून उत्तर आलं, "रिस्पोंदीऽऽ जी जी." आई हसत सुटली. मी बाबांना सांगितलं, इथे झील नाही. ते बरं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी तलावाच्या पाळीवर गेले. तिथे चिंधूकाका म्हशी चारत होते, तेही झीलकरी. त्यांनी तर चालही बदलून दिली. मग मी शेतात गेले. अर्धं धान कापून कडपा पसरल्या होत्या, दूर बांधावर बाबा विळा घेऊन वाकलेले. एवढ्या लांबून काही होणार नाही असं मला वाटलं. मी थांबले. एक, दोन, तीन, आणि बांधावरून विळ्यासकट हात कानाशी गेला आणि झील ऐकू आली.

सुटीचे दिवस पटापट जात होते आणि मला एकदाही आठ मात्रांची शांतता मिळाली नव्हती. मिळाली नव्हती म्हणजे काय, जन्मातच मिळाली नव्हती, हे मला तिथे शेताच्या कडेला, त्या धुऱ्यावर उभं राहून समजलं. लहानपणापासून माझी एकही ओळ या माणसाने रिकामी सोडली नाही. पाळण्यात रडले असेन तेव्हाही यांनी झील धरली असेल. मी थांबू कशी शकणार? थांबणं काय असतं ते मी ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी बोलले. फार बोलले. तुमच्यामुळे माझं नुकसान होतंय म्हणाले, तुम्हाला सांगितलेलं समजत नाही म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "बाबा, तुमी जलमभर मांगूनच गायले. समोर उभं राहाचं काय असते ते तुमाले काय मालूम?"

आईने वाढायची पळी तशीच खाली ठेवली. बाबांनी मात्र वाटीतली भाजी संपवली, पाणी प्यायलं, आणि मग विचारलं की तो जो शब्द आहे, रिस्पोंदी, त्याचा अर्थ काय. मी सांगितला, उत्तर दे.

"मंग उत्तर नाही पाह्यजे तं हाक कायले मारते ते बाई?"

"पाह्यजे तिले. पण उत्तर देणारं कोणी नाही ना तिथं. नवरा गेला. ते हाक मारते, कोणीच बोलत नाही, तवा तिले समजते."

बाबांनी ताटातली भाताची शितं बोटाने गोळा केली. मग म्हणाले, "लय वाईट गाणं हाये." आणि हात धुवायला उठता उठता म्हणाले की मंडईच्या दिवशी ते तोंड उघडणार नाहीत, चिंधूलाही उघडू देणार नाहीत. माझा विश्वास बसला नाही.

मंडईच्या दिवशी सकाळपासूनच गाव भरलं. पाळणे, फुगेवाले, जिलेबीच्या कढया, नव्या साड्यांतल्या आत्या आणि मावश्या. जो तो विचारायचा, काय गाणार, आणि मी काही सांगायच्या आत पुढे जायचा. मी स्टेजवर चढले तर बाबा आधीच तिथे. माझ्या पाठीमागे, नेहमीच्या जागी, एक हात कानावर ठेवून उभे. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. मी मागे वळून नुसतं बघितलं तेव्हा ते ओशाळले, खाली उतरले आणि पहिल्या रांगेत चिंधूकाकांच्या शेजारी जाऊन बसले. आयुष्यभर त्यांनी गाणाऱ्याची पाठ पाहिली होती. चेहरा पहिल्यांदाच दिसत होता.

कुलदीपने पियानो लावला. मी सुरू केलं.

लोक आधी हसले. एवढा आवाज एवढ्याशा पोरीत कुठून येतो म्हणून कुणीतरी बोललंही. मग गप्प झाले, कारण माईक नव्हता आणि आवाज पाळण्यापर्यंत जात होता. गाणं चढत गेलं. 'रिस्पोंदी' आलं. मी हाक मारली आणि थांबले.

पियानो थांबला.

सवयीने चिंधूकाकांचं तोंड उघडलं. बाबांनी न बघताच त्यांचं मनगट धरलं. स्वतःच्या दुपट्ट्याचं टोक त्यांनी दातात कोंबलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. गळ्याची घाटी खाली-वर होत होती, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, डोळे भरून आले होते आणि ते गप्प होते. मी मात्रा मोजायचं विसरले. समोर माझा बाप बसलाय, मी हाक मारलीये, आणि तो बोलत नाहीये. इतकं एकटं मला त्या मोठ्या शहरातल्या पहिल्या रात्रीही वाटलं नव्हतं. ती किनाऱ्यावरची बाई काय ऐकत असेल ते मला तेव्हा कळलं. पियानोचा पुढचा सूर पडला तेव्हा मी गायले. त्याच्या आधी एक कणही नाही.

उतरल्यावर कुलदीपने फोन माझ्या कानाला लावला. आठच्या आठ मात्रा होत्या. त्यात दूरच्या पाळण्याची करकर होती, माणसाचा आवाज नव्हता. भूमिका मला मिळणार हे मला तिथेच कळलं. आनंदाने मी कुलदीपच्या पाठीत गुद्दा घातला, तिथूनच मॅडमना पाठवून दिलं आणि बाबांना सांगायला धावले.

ते पहिल्या रांगेत नव्हते. स्टेजमागे दंडारीची मंडळी घुंगरं बांधत होती, त्यांच्यापासून बाजूला एका बैलगाडीच्या दांडीवर बाबा बसले होते. दुपट्ट्याचं टोक ओलं, चुरगळलेलं. मी म्हणाले, जमलं, अगदी बरोबर जमलं, तुमच्यामुळे. त्यांनी मान डोलावली. छान झालं म्हणाले. लोकांनाही आवडलं म्हणाले. मग हातातल्या टोकाची घडी घालत राहिले. एक घडी, मग मोडून पुन्हा तीच.

"बाई," ते म्हणाले, "आजवर कोणाले मधात सोडलं नाही म्या. वैऱ्यालेबी नाही. आज माई पोरगी हाक मारून राहिली होती, अन् म्या ओ नाही देली."

मी त्यांच्या शेजारी दांडीवर बसले आणि त्यांचा हात धरला. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

स्टेजवर ढोलकी कडाडली. हिरालालकाकांनी पहिली ओळ उचलली. बाबांनी हात सोडवून घेतला, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि शिडी चढून आपल्या जागी, काकांच्या पाठीमागे गेले. काकांची ओळ संपली, त्यांनी श्वास घ्यायला तोंड उघडलं, तोवर बाबांचा आवाज तिथे पोचला होता.