ती राहते तिथलं न्यायालय

"ताई, तिच्या वेण्या घट्ट घालू नकोस हं. डोकं दुखतं तिचं, पण सांगत नाही ती."

धाकट्या बहिणीने शुद्धीत असताना मला सांगितलेलं हे शेवटचं. नंतर ती बोलली, पण ते सगळं तापातलं. तिचा हात हातात घेऊन मी म्हटलं, "नाही घालणार. आणि तिला एकटी पडू देणार नाही." दुसरं वाक्य तिच्या कानांपर्यंत गेलं की नाही, देव जाणे. त्याने ऐकलं एवढं मात्र नक्की, म्हणून त्या शब्दाला मी बांधलेली आहे.

तिची मुलगी, माझी भाची, बाबांच्या गावी, आजीजवळ राहायची. सुट्टी लागली की माझ्याकडे. या सुट्टीत केस विंचरून घेता घेता ती सहज म्हणाली, "मावशी, आजीला आता माझं झेपत नाही. शाळा उघडली की बाबा मला वसतिगृहात ठेवणार आहेत."

कंगवा केसांत तसाच राहिला.

मेहुण्यांना फोन केला. त्यांची नोकरी फिरतीची. माणूस वाईट नाही, पण एकदा ठरवलं की काळ्या दगडावरची रेघ. "ताई, तुम्ही यात पडू नका," एवढंच म्हणाले.

मग आमच्या ह्यांचे वकील मित्र घरी आले. चहाचा घोट घ्यायच्या आत त्यांचं ठरलंही. "ताबा मागू. अर्ज इथेच टाकू. इथल्या न्यायाधीशबाई मुलांच्या बाबतीत म्हणजे अगदी लोणी!"

"पण ती राहते तिकडे ना?" मी विचारलं.

"वहिनी, तुमच्या घरात तिचं कपाट आहे की नाही?"

"कपाट कुठलं, एक खण आहे."

"झालं तर! खण आहे म्हणजे राहते."

हे हसले. "त्या हिशेबाने तू आमच्या स्वयंपाकघरात राहतोस."

वकीलसाहेबांनी खणाचा फोटो काढून अर्जाला जोडला. भाचीचे फ्रॉक मी वर्षभर धुऊन, ऊन दाखवून, घड्या घालून ठेवते. फोटो देखणा आला होता. तो बघून मलाही वाटायला लागलं, खरंच की, इथेच राहते पोर.

न्यायालयाची खोली उंच खिडक्यांची होती. बाक बसून बसून गुळगुळीत झालेले. न्यायाधीशबाईंचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मेहुण्यांचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, हे या न्यायालयाच्या हद्दीबाहेरचं आहे, ते ऐकण्याचा इथे अधिकारच नाही. मुलगी इथे राहत नाही, पाहुणी येते. आमचे वकीलसाहेब लगेच माझ्या बहिणीच्या आजारपणावर आले. आवाजही त्यांनी बरोबर तिथे कापरा केला.

बाईंनी हात वर केला. "ते सगळं वाचलंय मी, वकीलसाहेब. वाचून घास उतरू नये असंच आहे. पण हे ऐकणारी मी कोण, ते आधी ठरू दे."

त्यांनी भाचीला आपल्या खोलीत बोलावलं. मेहुण्यांना आणि मला दाराशी खुर्च्या दिल्या. "दोघांनी बसायचं. बोलायचं मात्र नाही." माझं रोज सूर्य उगवेपर्यंत मौन असतं, मला वाटलं हे काय अवघड. तितकं अवघड मौन आजवर कधी पाळलं नाही.

बाईंनी फोटो तिच्यापुढे ठेवला. "यातला तुला सगळ्यात आवडतो कुठला?"

"हा, फुलाफुलांचा."

"होतो अजून?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "नाही. यातला कुठलाच होत नाही. पण मावशीला सांगू नका, तिने फार जपून ठेवलेत."

माझे डोळे पदराआड गेले. ती दर सुट्टीत कपड्यांनी भरलेली पिशवी घेऊन का येते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"सकाळी उठलीस की खिडकीतून काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

आणि पोर बोलायला लागली. समोरच्या गच्चीवरचं एका कानाचं मांजर. शाळेच्या जिन्यातली मोडकी पायरी, जी सगळ्याजणी उडी मारून ओलांडतात. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू, ज्या शाळेतून यायला उशीर झाला की हातातली कात्री घेऊनच रस्त्यात येऊन उभ्या राहतात. शाळेत पुस्तकं देणाऱ्या बाई, ज्या तिला नवं पुस्तक आधी हुंगू देतात. मेहुण्यांनी मांजराचं नाव तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि बाईंच्या नजरेने लगेच गप्प झाले. मला मांजर आहे हेच माहीत नव्हतं.

बाईंचे प्रश्न थांबले तशी भाची म्हणाली, "मला कोणाकडे राहायचंय, ते विचारणार नाही?"

उत्तर तिच्या ओठांवर होतं. ते माझ्याच बाजूचं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाईंनाही दिसलं असणार.

"नाही बाळा," त्या म्हणाल्या. "ते विचारायचा हक्क ज्यांचा आहे, तेच विचारतील. मी विचारलं तर तुला ते पुन्हा सांगावं लागेल. असलं पुन्हा सांगणं फार जड जातं."

बाहेर येऊन त्यांनी निकाल सांगितला. मुलगी राहते तिकडे, तर तिकडच्याच न्यायालयाने ऐकायचं. अर्ज परत.

मेहुण्यांच्या वकिलांनी जिंकल्यासारखा कोट सरळ केला. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कोणी जिंकलेलं नाही. इथे काही ठरलेलंच नाही." मग माझ्याकडे वळल्या. "मी आज तुमच्या बाजूने हुकूम दिला, तर उद्या वरच्या न्यायालयात एका फुंकरीत उडेल. तोवर शाळा उघडलेली असेल आणि पोर मध्येच लोंबकळेल. शिवाय तिचं भलं कशात आहे, हे त्या शिंपीणबाईंना विचारायला हवं, त्या शाळेतल्या बाईंना विचारायला हवं. त्या इथे कशा येणार? तिथल्या न्यायाधीशांना त्या चालत जाऊन भेटतील."

मी हात जोडले. दुसऱ्या कोणी तारीख देऊन आमची बोळवण केली असती. बाई जेवायला उठल्या नाहीत. कागदांच्या पाठीवर कारणासकट शेरा लिहून त्यांनी ते त्याच दुपारी हातात दिले, शाळा उघडायच्या आत तिकडे पोचता यावं म्हणून. मायाळू म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. ती माया कुठे थांबवायची, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. तेव्हापासून माझ्या रोजच्या प्रार्थनेत त्यांचं नाव असतं.

भाची वडिलांबरोबर निघाली. गाडीत बसताना माझं बोट धरून म्हणाली, "तू येशील?"

"येईन."

"शिंपीणकाकू मापं बरोबर घेतात," ती म्हणाली आणि लाजली.

संध्याकाळी वकीलसाहेब खजील होऊन चहा न घेताच निघाले होते. ह्यांनी त्यांना हाताला धरून परत बसवलं. "बस रे. इथे तू राहतोसच." मग ते हसले आणि तिकडच्या एका वकीलबाईंचा पत्ता देऊन गेले.

"देवाजवळचा दिवा तुम्ही लावाल ना, मी येईपर्यंत?" मी ह्यांना विचारलं.

"लावतो की. पण माझं ऐकेल का तो? माझी त्याच्याशी ओळख नाही."

"ऐकेल. आणि तुम्ही लावलेला मला तिकडेही पोचेल."

"बरंय," हे म्हणाले, "म्हणजे त्याच्याकडे हद्दीचा आक्षेप चालत नाही."

सकाळी पूजा झाली. मी खण रिकामा केला आणि फुलाफुलांचा तेवढा ठेवून बाकीचे फ्रॉक देऊन टाकण्यासाठी बाजूला काढले. पिशवीत कागद घातले, नव्या फ्रॉकचं बिनशिवलेलं कापड घातलं, वर मोठ्या दातांचा कंगवा. हे अजून झोपलेले होते. मौन सुटायला वेळ होता, म्हणून हाक मारली नाही. दार हलकेच ओढून घेतलं आणि गाडीच्या थांब्याकडे चालू लागले.