आग्नेय कोपऱ्यातली शेगडी

हेमचंद्राने वाळूजच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडली ती तंबूंपायी. खुलताबादच्या पुढे, म्हैसमाळच्या वाटेवर आप्पासाहेबांचा माळ होता. तिथे पाच-सहा तंबू ठोकायचे, प्रत्येकात लाकडावर चालणारी पत्र्याची छोटी शेगडी ठेवायची आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना थंडी विकायची, असा त्याचा बेत.

"थंडी हितं फुकट मिळती की," आप्पासाहेब म्हणाले होते. पण नाही म्हणाले नव्हते. त्यांची अट एकच होती. "आमची मंडळी तुमच्या तंबूत तासभर सुखानं बसली, तर जमीन दिली म्हून समजा. तिला पटलं की मला पटलं."

म्हणून डिसेंबरातल्या एका दुपारी हेमचंद्र नमुन्याचा एक तंबू घेऊन माळावर पोचला. तंबू परत करण्याच्या बोलीवर आणलेला. बरोबर बायको उमा होती. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. आणि वडील सदाशिवराव होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वास्तुशास्त्राचा अभ्यास सुरू केला होता, आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असल्यामुळे तो फारच पुढे गेला होता.

तंबू उभा राहिला. दार पूर्वेला. शेगडीची नळी बाहेर काढायचं भोक, जळू नये म्हणून भोवती जाड पट्टी शिवलेलं, छताच्या ईशान्य कोपऱ्यात आलं.

"ईशान्येला अग्नी?" सदाशिवराव पायात काटा मोडावा तसे ओरडले. "हेमू, ती देवाची जागा! अग्नी आग्नेयेलाच हवा."

"मग तंबूच फिरवू या," उमा म्हणाली. "भोक आग्नेयेला येईल."

"आणि दार दक्षिणेला? पाहुणे काय यमाकडून बोलवायचे आहेत?"

दुसरं भोक पाडावं, तर तंबू परत घेतला नसता. हेमचंद्राने थोडा विचार केला. त्याचा विचार नेहमी दोन्ही बाजूंना खूश करण्याचा असे, आणि त्यातून निघणारी वस्तू दोघांच्याही उपयोगाची नसे. शेगडी आग्नेयेला ठेवली. नळीच्या वरच्या टोकाला कोपर, म्हणजे काटकोनी जोड, लावून ती तंबूभर आडवी नेली, तारेने टांगली आणि ईशान्येच्या भोकातून बाहेर काढली. मध्ये तिला झोळ आला होता.

"अहो, धूर वर चढतो. असा आडवा चालत नाही," उमा म्हणाली. "नळी सरळ वर हवी. खालची खिडकीही उघडी ठेवा, आगीला हवा लागते."

"खिडकी उघडी ठेवली तर ऊब कुठे राहणार? प्रयोग आहे हा."

"प्रयोग माणसांवर नका करू."

उमाने कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणून खांबाला अडकवला होता. तो ऐन वेळी ठणाणा करायला लागला तर आप्पासाहेब बिचकतील, म्हणून हेमचंद्राने ती पाणी आणायला गेली असताना त्यातले सेल काढून खिशात टाकले.

चारच्या सुमाराला आप्पासाहेब आणि त्यांची मंडळी भागूबाई आले. शेगडीत बाभळीची लाकडं पेटली. पहिल्यांदा एवढा धूर कोंडला की भागूबाईंनी पदर नाकाला लावला. "आवो सायेब, आमच्या चुलीला तरी धुराडं हाये!"

"स्थिरावेल आता," हेमचंद्र म्हणाला. आणि खरंच, लाकडांचे निखारे झाले तसा धूर विरला. तंबू उबदार झाला. दार बंद, खिडकी बंद. हेमचंद्राला हायसं वाटलं. धूर दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, असा त्याने निष्कर्ष काढला आणि पाहुण्यांच्या सोयींबद्दल बोलायला लागला.

"डोकं लई ठणकायलंय," भागूबाई म्हणाल्या.

"सायबाचं बोलनं ऐकून माझं बी," आप्पासाहेब म्हणाले.

सगळे हसले. उमा हसली नाही. तिचंही डोकं दुखत होतं. तिने अलार्म हातात घेतला, बटण दाबलं, मागचं झाकण उघडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"उठा! सगळे बाहेर! आत्ताच्या आत्ता!"

भागूबाई उठल्या आणि त्यांचे गुडघेच गेले. उमाने आणि आप्पासाहेबांनी त्यांना दोन्हीकडून धरून माळावर आणलं. वाऱ्यावर बसल्यावर त्यांना ओकारी झाली, मग हळूहळू डोळे उघडून त्या बघायला लागल्या.

"यांना दवाखान्यात न्यायचं," उमा म्हणाली. "निखाऱ्याच्या वायूला वास नसतो, बरं वाटलं तरी तपासायला हवं."

आप्पासाहेबांनी जीप दाराशी आणली. रागावलेले दिसत नव्हते. "सायेब, नवं काम हाये, चूक होती. तेवढ्यावरनं मी जमीन नाय म्हननार नाय. फकस्त चूक कुटं झाली, तेवढं सांगा."

उमा हेमचंद्राकडे बघत राहिली. नळी, खिडकी, सेल. तीन शब्दांचं काम होतं.

सदाशिवराव खाकरले. "अहो आप्पासाहेब, शेगडी शास्त्राप्रमाणेच होती. पण मी मघाशी पाहिलं, तुमच्या जमिनीचा उतार नैर्ऋत्येला आहे. दोष जमिनीत आहे."

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला, मग चढला. "माझ्या जमिनीत?" ते हेमचंद्राकडे वळले. "तुमी सांगा सायेब. तुमचं बी हेच म्हननं हाये का?"

हेमचंद्राने वडिलांकडे पाहिलं. माळाकडे पाहिलं. घसा साफ केला.

"बाबा म्हणतात त्यात... थोडं तथ्य असू शकेल."

"हितं माझ्या आज्यापासनं चुली पेटल्या," आप्पासाहेब म्हणाले. "कुनाला उचलून न्यावं नाय लागलं. गुंडाळा तुमचा तंबू."

"जमिनीचं नाय दुखायलं डोकं," भागूबाई जीपमधून पुटपुटल्या, "माझं दुखायलंय."

उमा त्यांच्याजवळ चढून बसली आणि जीप खुलताबादकडे उतरली.

सदाशिवरावांनी धुळीतून जाणाऱ्या जीपकडे बघून मान हलवली. "बरं झालं, वेळेत सुटलो. असल्या जागेत पैसा घातला असता तर बुडालोच असतो."

"हो, बाबा," हेमचंद्र म्हणाला, आणि खुंट्या उपटायला वाकला.