भाकरीखालचं कापड

बाहेरून "सलाम, बन्सीभाऊ" असं ऐकू आलं आणि बन्सीनं पेटीचं झाकण धाडकन पाडून त्यावर बैठक मारली. आतली कापडं झाकायलाही वेळ मिळाला नाही. द्वारकाबाई दारात चपला काढत होत्या. त्यांच्यामागं आशाबाई, हातात गीतांचं पुस्तक.

छावणीतल्या चर्चच्या स्त्रीमंडळाचा हा नेम होता. ज्या घरात मयत झालं, त्या घरी वर्षभर मंडळातल्या दोघींनी जायचं. एक गीत म्हणायचं, प्रार्थना करायची, आणि घरातलं माणूस जेवतंय की नाही ते न विचारता बघून यायचं. बन्सीची बायको आवडाबाई होती तोवर तीही अशीच लोकांच्या घरी जायची. आता मंडळाला तिच्याच घरी यावं लागत होतं.

आशाबाईंनी बसल्या बसल्या चुलीकडं नजर टाकली.

"भाऊजी, चूल थंडगार दिसती."

"सकाळीच टाकल्या भाकरी."

"टाकल्या का फेकल्या? मागं तुमची भाकर कुत्र्यानं हुंगून सोडली व्हती. म्या बघितलं."

बन्सी हसला, पण पेटीवरून उठला नाही. बाया खाली सतरंजीवर आणि आपण वर, हे बरं दिसत नव्हतं. ते त्याला कळत होतं.

गीत झालं. मग द्वारकाबाईंनी प्रार्थना केली. त्या मिशनच्या शाळेत मास्तरीण होत्या आणि त्यांची प्रार्थना हजेरी घेतल्यासारखी असायची. तिच्यातून कुणी सुटत नसे. बन्सीचं नाव आलं, जालन्याला दिलेल्या त्याच्या लेकीचं आलं, आवडाबाईचंही आलं. आमेन झाल्यावर त्यांनी पदर सारखा केला.

"भाऊ, ईस्टर तोंडावर आलाय. सणाचा पांढरा जोड आवडाबाईकडं राहिला. नाताळ झाल्यावर तिनं धुवायला आणला होता."

"हुडकला म्या. नाय सापडत."

द्वारकाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग पेटीकडं बघितलं.

"सापडंल," त्या म्हणाल्या. "शनिवारी आम्ही वेदी लावतो. तवर सापडला तर आणा. नाही तर रोजच्या कापडांवर भागवू."

"सणाला रोजची कापडं?" आशाबाई म्हणाल्या.

"चल गं," द्वारकाबाई म्हणाल्या.

दोघी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बन्सी तसाच बसून राहिला. जन्मात तो फार खोटं बोलला नव्हता. रेल्वेत रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनची नोकरी केली, तिथं खोटं बोलून चालत नाही. आणि आज प्रार्थना ऐकल्यापाठोपाठ बोलला होता.

जोड पेटीत वरच होता. वेदीवर अंथरायचं लांब कापड, हात पुसायचा रुमाल, आणि सगळ्यात वर ते चौकोनी कापड. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला याच कापडावर ठेवत. आवडाबाईनं तिन्ही कापडं धुतली, खळ दिली, इस्त्री केली, घड्या घातल्या आणि पेटीत ठेवली. त्यानंतर चार दिवसांत तिचे डोळे पिवळे पडले. मिशनच्या दवाखान्यात नेली ती परत आली नाही.

तिच्या लुगड्यांना आता तिचा वास राहिला नव्हता. भांडी जागची हलली होती. लेकीनं जाताना मांडणी आपल्या मनानं लावून दिली होती. ही एक घडी मात्र तिच्या हातची जशीच्या तशी होती. बन्सी दिवसाकाठी एकदा पेटी उघडून ती बघायचा. हात लावायचा नाही.

पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात ती लग्न होऊन पाचोडहून आली. तेव्हा चर्चमध्ये गोरी मिसबाई होती. तिनं नव्या सुनेला वेदीच्या सेवेत घेतलं. कापडं कशी धुवायची ते शिकवलं. पहिलं पाणी बिनसाबणाचं, आणि ते मोरीत जाऊ द्यायचं नाही. भाकरीचा एखादा कण कापडावर राहिला असेल तर तो मातीत गेला पाहिजे. आवडाबाईनं ते पाणी अंगणातल्या डाळिंबाला घालायचा रिवाज पाडला.

बन्सीला बरीच वर्षं वाटे, ही आपली झाडाला पाणी घालते. तो खाटेवरून ओरडायचा, "अगं, धुण्याचं पाणी झाडाला घालती. मरंल ते."

"तुमच्याआधी नाय मरत," ती म्हणायची.

घडी मात्र ती मिसबाईकडून शिकली नाही. मिसबाईची घडी अशी, की उभे तीन भाग आत दुमडायचे आणि मग आडवे तीन. उघडल्यावर नऊ चौकोन दिसतात. आवडाबाई कापड उभं एकदा, आडवं एकदा दुमडायची, की झालं. पाचोडला तिची माय भाकरीच्या फडक्याची घडी तशीच घालायची.

यावरून द्वारकाबाईंचं आणि तिचं कायमचं वाकडं होतं. मिसबाई विलायतेला गेल्यावर वेदीची सगळी शिस्त द्वारकाबाईंच्या हाती आली.

"आवडाबाई, ही काय शेतावर न्यायची न्याहारी आहे का? पाचोडच्या बाजाराला निघालीस?"

"भाकरीचंच फडकं हाय की, बाई."

"कण सांडतात अशा घडीत."

"माझ्या मायच्या फडक्यातून कधी नाय सांडला."

मग द्वारकाबाई वेदीमागच्या खोलीत जाऊन ते कापड उलगडायच्या आणि नऊ चौकोनांची घडी पुन्हा घालायच्या. दर वेळी. आवडाबाई घरी येऊन सांगायची, आणि हसायची. पुढच्या शनिवारी पुन्हा आपलीच घडी घालायची. दोघींपैकी एकीनंही कधी माघार घेतली नाही. आज जोड दिला असता, तर तासाभरात द्वारकाबाईंनी ती घडी मोडली असती. बन्सीला ते माहीत होतं.

दोघी गेल्याची खात्री झाल्यावर त्यानं पेटी उघडली. झाकण आतून गंजलेलं होतं. तो वर बसल्यानं पत्रा दबला होता, आणि गंजाचा भुगा पांढऱ्या चौकोनी कापडावर पडला होता. त्यानं फुंकर मारली. राहिलेला भुगा ओल्या बोटानं टिपायला गेला, तर त्याचा तांबडा डाग पसरला. सुपारीएवढा.

बन्सीनं हात मागं घेतला.

शुक्रवारी चर्चमध्ये वधस्तंभाची तीन तासांची उपासना होती. तो गेला, मागं बसला, लवकर उठून आला. शनिवारी उन्हं वर आल्यावर त्यानं लिंबू आणि मीठ घेतलं. डाग धुवायचा तर घडी उलगडणं भाग होतं. बाया लुगड्याला पुसतात तसे त्यानं हात धोतराला पुसले आणि कापड उचललं. एक दुमड उघडली, दुसरी उघडली. कापड साधं कापड झालं.

घमेल्यात आधी नुसतं पाणी घेतलं. हे कापड आवडाबाईनं धुतलेलंच होतं, त्यावर आता कण कुठला असणार? तरी त्यानं ते पहिलं पाणी दोन्ही हातांनी नेऊन डाळिंबाला घातलं. मग लिंबू चोळून कापड उन्हात टाकलं. दोन वेळा केल्यावर डाग गेला. शेजारच्या सारजाबाईकडून त्यानं पेज आणली.

"पोट बिघडलं का?" तिनं विचारलं.

"कापडाला पायजे."

कोळशाच्या इस्त्रीत निखारे भरून त्यानं कापड एकसारखं केलं. इथपर्यंत जमलं. घडी काही जमेना. उभी घातली की आडवी तिरकी पडायची. आडवी जमवली की कडा एकमेकींवर बसायच्या नाहीत. इतकी वर्षं खाटेवरून त्यानं ही घडी पडताना बघितली होती. दोनच तर दुमडी होत्या. चौथ्यांदा त्यानं कापडावर पुन्हा इस्त्री फिरवली आणि ते तसंच सपाट हातावर टाकून, बाकीचा जोड काखेत घेऊन, चर्चची वाट धरली. रस्त्यात ऊन लखलखत होतं. तो अंगाला कापड लागू नये म्हणून हात पुढं धरून चालत होता.

बाया झेंडूच्या माळा करत बसल्या होत्या. द्वारकाबाई वेदीमागच्या खोलीतून बाहेर आल्या. बन्सीनं हात पुढं केला.

"सापडलं."

"बरं झालं."

"घडी माझ्यानं होईना."

द्वारकाबाईंनी कापड दोन्ही तळव्यांवर घेतलं. उजेडाकडं धरून बघितलं. लिंबाचा वास त्यांना आला असणार. कुठं सापडलं, हे त्यांनी विचारलं नाही.

"पितळेच्या मेणबत्तीदाण्या राहिल्यात," त्या म्हणाल्या. "कडूबा एकटाच घासतोय."

बन्सी मागच्या नळावर गेला आणि चिंच-राख घेऊन, चर्चची झाडलोट करणाऱ्या कडूबाशेजारी बसला.

ईस्टरच्या सकाळी चर्च गच्च भरलं. बन्सी पुरुषांच्या बाजूला, खांबाजवळच्या बाकावर होता. पाळकसाहेब नवे होते, नगरकडून आलेले, तरुण. ते वेदीशी उभे राहिले आणि त्यांनी चौकोनी कापड समोर घेतलं. एक दुमड उघडली. दुसरी उघडली. तिसरीसाठी त्यांची बोटं कापडाच्या कडेवर फिरली आणि थांबली. उघडायला काही उरलं नव्हतं. त्यांनी कापड तळव्यानं सारखं केलं आणि त्यावर भाकर ठेवली.

बन्सी बाकावर पुढं सरकला. कापडाची वेदीवरून खाली आलेली कड त्याला दिसत होती. तिच्यावर मधोमध एकच रेघ होती, सरळ.

त्यानं बायांच्या बाजूला बघितलं. द्वारकाबाई ताठ बसल्या होत्या आणि समोर बघत होत्या. शेजारून आशाबाई त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाल्या. द्वारकाबाईंनी मान हलवली नाही.

गीताचा आकडा पुकारला गेला. सगळे उभे राहिले. बन्सीला पुस्तक उघडायचं सुचलं नाही. कडूबानं आपलं पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं आणि बोटानं ओळ दाखवली.

उपासनेनंतर बाहेर गाठीभेटी चालल्या होत्या. द्वारकाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. त्यांनी ते बन्सीसमोर धरलं.

"पुढच्या शनिवारी आणा."

"बाई, मी?"

"अहो बाई, बाप्या माणसाला देता व्हय?" आशाबाई मागून म्हणाल्या. "भाकर जमंना त्याला."

"इस्त्री जमते," द्वारकाबाई म्हणाल्या. "घडी घालू नका हं, भाऊ. ती मी घालीन."

बन्सीनं गाठोडं घेतलं. द्वारकाबाई दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"आणि पहिलं पाणी..."

"डाळिंबाला," बन्सी म्हणाला.