ओंजळीतल्या इंजिनाची मोटार

मित्रांनो, मी एक जुनं रेल्वे इंजिन आहे. पण मला फलाटावर शोधू नका. मी तुमच्या ओंजळीत मावेन. अंग पत्र्याचं, रंग गर्द हिरवा आणि पोटात अंगठ्याएवढी मोटार. रुळांतून वीज मिळाली की मी चार डबे ओढत जेवणाच्या टेबलावर चकरा मारायचो.

माझे मालक रेल्वेत सिग्नल सांभाळायचे. दिवसभर खऱ्या गाड्या बघूनही घरी आल्यावर माझ्यासमोर बसत. त्यांची लेक टाळ्या पिटायची. पुढे ती मोठी झाली, टेबलावर वह्या-पुस्तकं आली आणि मी खोक्यात गेलो. वर्षं उलटली. पोटातलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं.

दरम्यान मालकांची दृष्टी गेली. एकदा कपाट चाचपताना मी त्यांच्या हाती लागलो. चिमणी, चाकं, सगळं त्यांनी बोटांनी ओळखलं.

"हे पळतं का गं अजून?"

लेक आता पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायची. तिने मला रुळांवर ठेवून वीज दिली. मी जीव खाऊन जोर लावला, पण चाक हललं नाही. पोटातून धूर निघाला.

"बाबा, मोटारीची तार जळली."

"सोड मग. तुला का कामं कमी आहेत?" ते म्हणाले खरे, पण मला रुळांवरून उचलून घेतलं आणि खाली ठेवेनात.

तेव्हा तिने मला उघडलं. मित्रांनो, मी पहिल्यांदाच स्वतःच्या आत पाहिलं आणि थक्क झालो! एक काळं चुंबक आणि शेंगदाण्याएवढ्या लोखंडावर केसासारख्या तारेचे शेकडो वेढे. चार डबे ओढणारी ताकद एवढ्याशा जागेत राहत होती, आणि मला पत्ताच नव्हता! हातभर मोटारी लीलया उचलणारी ती लेकही श्वास रोखून बघत होती.

जुनं चुंबक मोटारीबाहेर मोकळं राहिलं तर दुबळं होतं, म्हणून काम होईपर्यंत तिने त्याला लोखंडाची पट्टी चिकटवली. ग्रीस खरवडलं. नवी तार गुंडाळायला घेतली, ती दोनशेव्या वेढ्याला तुटली. पुन्हा गुंडाळली, पुन्हा तुटली. तिसऱ्या खेपेला जमलं.

मालकांनी स्वतः मला रुळांवर ठेवलं, चिमणी उजवीकडे करून. वीज आली. अंगभर झिणझिण्या उठल्या आणि चाकं फिरली!

"धावलं गं, धावलं!" मालक ओरडले. मग त्यांनी कान टवकारले. "पण हे डावीकडे कुठे निघालं?"

लेकीने जीभ चावली. "अगं बाई! चुंबक उलटं बसवलं मी!"

"सिग्नलवाल्याला फसवतेस होय?"

दोघं पोट धरून हसली. ती मला उचलायला आली, तर मालकांनी तिचा हात धरला.

"राहू दे. आज उलटंच पळू दे."

मी पळत राहिलो, आणि माझ्या आवाजामागे त्यांचा चेहरा टेबलभर फिरत राहिला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी असं गप्प पडलं असेल. त्याला घाईने ढकलू नका. आधी उघडा, हलक्या हाताने पुसा, वाकून आत डोकावा. आत केवढं काय आहे, ते पाहून तुमचाही श्वास क्षणभर थांबेल.